काटा आत जातो, पण मोडत का नाही?

खराट्याची एक काडी घ्या, तिचं टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या बाजूने सरळ रेषेत दाबत जा. काडी थोडा वेळ तग धरते आणि मग एकाएकी मधूनच वाकते. भिंतीला ओरखडाही येत नाही. बारीक आणि लांब असलेल्या कुठल्याही वस्तूची ही गत आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना याचं गणित शिकवतात: काडीची जाडी निम्मी केली तर तिला वाकवायला सोळाव्या हिश्शाचा जोर पुरतो, आणि लांबी दुप्पट केली तर पाव जोर पुरतो. म्हणजे बारीक आणि लांब होण्याची शिक्षा चांगलीच जबर आहे.

असं असताना बाभळीचा काटा चपलेचा तळ भेदून टाचेत शिरतो, आणि मधमाशीची मिलिमीटरांत मोजावी अशी नांगी आपल्या कातडीत सहज जाते. या दोन्ही गोष्टी खरं तर वाकायला हव्यात.

अडचण दुहेरी आहे. टोक जितकं अणकुचीदार, तितका कमी जोर लागतो, कारण तो सगळा जोर एवढ्याशा जागेवर येतो. तेव्हा काट्याने बारीक असणं फायद्याचं. पण टोक आत गेलं की काम संपत नाही. कातडी काट्याला चारही बाजूंनी आवळते, घर्षण सुरू होतं, आणि काटा जसजसा आत सरकतो तसतसा त्याच्यावरचा भार वाढत जातो. तो भार झेलायचा तर काटा बुडाशी जाड हवा. फार जाड झाला तर शिरणार नाही, फार बारीक राहिला तर वाकून मोडणार. २०२० साली डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातले कोरे येन्सेन आणि त्यांचे सहकारी यांनी हेच गणित मांडून दोनशेहून जास्त प्रजातींच्या नांग्या, काटे आणि सुळ्यांवर ताडून पाहिलं. सर्वांत लहान टोक होतं नॅनोमीटरांत मोजावं असं, सर्वांत मोठं काही मीटरचं. आर्क्टिक समुद्रातल्या नारव्हाल या देवमाशाचा लांबलचक सुळाही त्यांच्या यादीत होता. आकारात इतकी तफावत असूनही सगळी टोकं एकाच सूत्रात बसली.

सूत्र असं सांगतं की बुडाची जाडी आणि लांबी यांचं प्रमाण दोनच गोष्टींवर ठरतं: आत शिरताना होणारं घर्षण आणि काट्याच्या पदार्थाचा ताठपणा. त्यातही या दोहोंच्या गुणोत्तराचं घनमूळ घ्यायचं असतं, आणि खरी मेख तिथे आहे. एखादा पदार्थ दुसऱ्यापेक्षा हजारपट ताठ असला तरी त्याचा काटा फक्त दहापट सडपातळ होऊ शकतो. म्हणून लाकूड, कीटकांच्या कवचातलं कायटिन, काच, हाड अशा एकमेकांशी काही नातं नसलेल्या पदार्थांपासून बनलेले काटेही आपल्याला एकाच घराण्यातले वाटतात. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. याहून सडपातळ होते ते मोडले, याहून जाड होते ते शिरलेच नाहीत.

इथवर झालं ते फक्त आत शिरण्याचं. पण नुसतं शिरून फारसं काही साधत नाही. डॉक्टरांची सुई रोज कुणाला ना कुणाला टोचतच असते. टोकाबरोबर आत काय जातं आणि आत गेल्यावर टोकाचं काय होतं, यावर सगळा खेळ आहे. त्यासाठी मधमाशीला जवळून बघू.

नांगी हे मुळात शस्त्र नव्हतंच, तो अंडी घालायचा अवयव होता. त्याचं जुनं काम बघायचं असेल तर उंबराखाली उभं राहावं. कच्च्या उंबरावर काही बारीक परजीवी गांधीलमाश्या बसलेल्या दिसतात. त्या केसासारख्या बारीक नळीने फळाची भिंत पोखरतात आणि आत अंडी सोडतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले लक्ष्मीनाथ कुंदनाटी आणि नम्रता गुंडिया यांनी २०१४ साली उंबरावरच्याच अशा एका माशीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या नळीच्या टोकाला दाते असतात आणि टोकाच्या पदार्थात जस्त मिसळलेलं असतं. जस्तामुळे टोक कठीण होतं आणि पुन्हा पुन्हा भोकं पाडूनही झिजत नाही. याच कुळातल्या एका शाखेत या नळीने अंडी सोडायचं काम टाकलं आणि विष सोडायचं काम धरलं. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या या त्याच शाखेच्या. म्हणूनच नांगी फक्त मादीला असते. नर मधमाशी हातात धरली तरी ती डसू शकत नाही, तिच्याकडे ते हत्यारच नाही. (हा प्रयोग नर ओळखता येत असेल तरच करावा.)

कामकरी मधमाशीची नांगी तीन भागांची असते. मधे एक पन्हळीसारखा भाग, आणि त्यावर सरकणाऱ्या दोन बारीक पात्या. प्रत्येक पातीवर सुमारे दहा दाते, सगळे मागे वळलेले. माशी नांगी एकदाच खुपसते, पण पुढचं काम या पात्या करतात. दोर दोन्ही हातांनी आळीपाळीने धरत वर चढणाऱ्या माणसासारखं त्यांचं चालतं: एक पाती दात रोवून जागेवर थांबते, दुसरी थोडी पुढे सरकते, मग ती दात रोवते आणि पहिली सरकते. त्यामुळे नांगी स्वतःला आत ओढून घेते, माशीला मागून रेटावं लागत नाही. वाकण्याचा जो प्रश्न आपण सुरुवातीला पाहिला, त्यावरचा हा झकास तोडगा. मागून ढकललेली काडी वाकते, पुढून ओढलेली वाकत नाही.

दात्यांची किंमत मात्र माशीलाच मोजावी लागते. आपली कातडी लवचिक असल्यामुळे दात्यांभोवती घट्ट बसते. माशी उडू लागते तेव्हा नांगी आत राहते आणि तिच्याबरोबर विषाची पिशवी, स्नायू आणि मज्जातंतूंची एक गाठही पोटातून तुटून निघते. माशी काही तासांत मरते, पण तुटून पडलेला तो भाग तिच्याशिवाय काम करत राहतो. स्नायू आकुंचन पावत असतात, पात्या खोल जात असतात, विष उतरत असतं. पिशवीतलं बहुतेक सगळं विष पहिल्या वीसेक सेकंदांत आत जातं. राणीमाशीच्या नांगीला दाते बारीक असतात, ती प्रतिस्पर्धी राण्यांवर नांगी चालवते आणि जिवंत राहते. गांधीलमाशीही डंख मारून नांगी परत काढून घेते आणि पुन्हा डसते.

मग मधमाशीनेच हा आतबट्ट्याचा व्यवहार का पत्करला? कामकरी माशी सहसा अंडी घालत नाही, तिच्या मरणाने वंश खुंटत नाही. पोळ्यात तिची आई आणि हजारो बहिणी असतात, आणि तिथला मध अस्वलापासून माणसापर्यंत सगळ्यांना हवा असतो. एवढ्या मोठ्या जनावराला क्षणभर टोचून भागत नाही, त्याच्या अंगात विष पुरेपूर उतरावं लागतं. या हिशेबात एक माशी गेली तर पोळ्याला ते परवडतं.

तुटलेली नांगी आणखी एक काम करते. तिच्यातून आयसोपेंटाइल ॲसिटेट नावाचं रसायन हवेत पसरतं. त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो, आणि मधमाश्यांसाठी ती हाळी असते: इथे मारा. सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांवर कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ उठलं की एकाच माणसावर शेकडो माश्या तुटून पडतात, त्यामागे हा वास असतो. म्हणून अंगावर बसलेली माशी चेचू नये. हातवारे करत तिथेच थांबणं त्याहून वाईट. तोंड झाकून मोहोळापासून जमेल तितक्या लांब निघून जावं हेच खरं.

नांगी काढायची कशी, यावर जुना वाद आहे. चिमटीत धरली तर पिशवी दाबली जाते, म्हणून नखाने खरवडूनच काढावी, असं कित्येक वर्षं सांगितलं जायचं. १९९६ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी माश्यांचे डंख घेऊन हे तपासलं. पद्धतीने काही फरक पडला नाही, उशिराने मात्र पडला. तेव्हा खरवडायला क्रेडिट कार्ड शोधत बसू नये, बोटांनी उपटावी.

विषाचं म्हणाल, तर मधमाशीच्या कोरड्या विषाचा जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन या छोट्या प्रथिनाचा असतो. ते पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. त्याच्या जोडीला फॉस्फोलायपेज हे विकर (एन्झाइम) असतं, आणि हायलुरोनिडेज नावाचं दुसरं विकर पेशींमधला चिकट भराव विरघळवून विषाला पसरायला वाट करून देतं. यावरून घरगुती उपायांचं कोडंही सुटतं. मधमाशीचं विष आम्ल, तेव्हा चुना लावा. गांधीलमाशीचं अल्कली, तेव्हा व्हिनेगर लावा. नाहीतर लोखंड घासा, असं लोक सांगतात. पण विष कातडीखाली गेलेलं असतं, वरच्या चुन्याची त्याच्याशी गाठच पडत नाही, आणि दुखतं ते आम्लामुळे नाही, प्रथिनांमुळे. बर्फ लावावा. मात्र अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, घेरी आली तर हे विषाचं दुखणं नसून ॲलर्जी असते. तेव्हा बर्फबिर्फ सोडून थेट दवाखाना गाठायचा. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं.

वेदना मोजायचा उद्योगही लोकांनी केलाय. ॲरिझोनात काम करणारे कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांनी डझनावारी जातींचे डंख स्वतःच्या अंगावर घेऊन १ ते ४ अशी श्रेणी ठरवली. मधमाशी २ वर, दक्षिण अमेरिकेतली ‘बुलेट’ मुंगी ४ वर. त्यांच्या वाटेने जाऊन मायकेल स्मिथ या तरुण संशोधकाने अंगावरच्या २५ जागी मधमाशीचे डंख घेतले. नाकपुडीवरचा डंख सर्वांत वाईट, त्याखालोखाल वरचा ओठ. या दोघांना मिळून २०१५ सालचं इग नोबेल मिळालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते हे बक्षीस, आणि इथे ते अगदी योग्य जागी पडलं.

विंचू कीटक नाही, आठ पायांचा, कोळ्याच्या गोत्रातला. त्याची नांगी शेपटाच्या टोकाला असते आणि अंडी घालण्याशी तिचा काही संबंध नाही, म्हणून नर विंचूही डसतो. टोकापेक्षा टोकातलं विष किती महत्त्वाचं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामातून कळतं. कोकणातल्या तांबड्या विंचवाचं विष मज्जासंस्थेला झोडपून काढतं, रक्तदाब आणि हृदय दोन्ही बिघडवतं. बावस्करांनी त्यावर रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरलं आणि एरवी दगावले असते असे रुग्ण घरी जाऊ लागले.

आता झाडांकडे येऊ. झाडाला स्नायू नाहीत, त्यामुळे काटा खुपसायचा जोर तोंड घालणाऱ्या जनावराकडूनच वसूल होतो. झाडाने फक्त योग्य आकाराचं टोक योग्य जागी उभं करायचं.

सगळे काटे एका अवयवापासून झालेले नसतात. लिंबाचा काटा बघा: तो पानाच्या बगलेत उगवतो, म्हणजे जिथून फांदी फुटायची तिथे. तो फांदीच असतो, वाढ मधेच थांबून टोकदार झालेली. करवंद, डाळिंब, बोगनवेल यांचेही काटे फांदीचेच. २०२० साली अमेरिकेत व्हिव्हियन आयरिश यांच्या प्रयोगशाळेत लिंबूवर्गीय झाडातली दोन जनुकं बंद केली, तेव्हा काट्यांच्या जागी खरोखर फांद्या फुटल्या. ही जनुकं वाढीच्या टोकावरच्या मूळपेशींना थांबायची आज्ञा देत असतात. बी लावून वाढवलेल्या लिंबाला कलमापेक्षा जास्त काटे येतात, कारण ते झाड वयाने लहान असतं. कलमाचा डोळा प्रौढ झाडावरून आलेला असतो. कोवळ्या वयात, शेळीच्या तोंडाच्या टप्प्यात असताना काट्यांची गरजही जास्त.

बाभळीचे आणि बोरीचे काटे पानाच्या देठाशी जोडीने येतात. पानाच्या बुडाशी दोन छोटी उपपर्णं असतात, त्यांचे ते काटे. बोरीच्या जोडीतला एक सरळ आणि एक आकड्यासारखा वळलेला असतो. हात आत घालताना सरळ टोचतो, घाबरून मागे घेताना वळलेला धरतो. बोरं वेचणाऱ्या पोरांना हे वनस्पतिशास्त्र शिकवावं लागत नाही. निवडुंगाचे काटे म्हणजे बदललेली पानं, आणि अन्न बनवायचं पानाचं काम तिथे हिरव्या खोडाने उचललेलं.

तिसरा प्रकार गुलाबाचा. गुलाबाच्या काट्याला अंगठ्याने बाजूने ढकला, तो टचकन निघून येतो आणि खाली गुळगुळीत खूण राहते. लिंबाचा काटा असा निघत नाही. गुलाबाचा काटा फक्त सालीतून उगवलेला असतो, आतल्या पाण्याच्या नळ्या त्यात गेलेल्या नसतात. काटेसावरीच्या खोडावरचे जाड काटे याच जातीचे, आणि भरल्या वांग्यासाठी मंडईत शोधतो त्या काटेरी वांग्याच्या देठावरचेही. या काट्यांची गोष्ट २०२४ साली उलगडली. अमेरिकेतल्या झॅकरी लिपमन यांच्या गटाने दाखवलं की वांग्याच्या कुळात जिथे जिथे काटे गेले, तिथे बहुतेक वेळा एकाच जनुकात बिघाड झालेला सापडतो. सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक बनवायच्या कामातलं हे जनुक. माणसाने काटे नसलेली वांगी निवडली, निसर्गातही काही जातींनी काटे टाकले, आणि सोळा वेगवेगळ्या वेळी तेच जनुक बिघडलं. गुलाबातही काट्यांमागे याच घराण्याचं जनुक निघालं. गुलाब आणि वांगं यांचं नातं किती दूरचं, आणि असे सालीतून निघणारे काटे तर वनस्पतींच्या इतिहासात निदान २८ वेळा स्वतंत्रपणे उगवलेत. प्रत्येक वेळी नवी रेसिपी लागली नाही, घरातच असलेलं जनुक कामाला लागलं.

काटे फुकट येत नाहीत. पूर्व आफ्रिकेत एका जातीच्या बाभळीभोवती कुंपण घालून जिराफ-हत्तींना अडवलं, तर काही वर्षांत नवीन फुटणारे काटे आखूड होत गेले. कुणी खात नसेल तर काट्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही, असा तो रोखठोक कारभार.

फड्या निवडुंगाचे मोठे काटे दिसतात म्हणून आपण सांभाळतो. त्रास देतात ते त्यांच्या बुडाशी झुपक्याने असलेले केसाळ, पिवळट काटे. हलका हात लागला तरी सुटतात आणि त्यांनाही मधमाशीसारखे उलटे दाते असतात. इलिनॉय विद्यापीठात स्टेफनी क्रॉफ्ट्स आणि फिलिप अँडरसन यांनी २०१८ साली निवडुंगांचे काटे मांसात टोचून पाहिले. चोया या अमेरिकी निवडुंगाचा एकच दातेरी काटा रुतला की मांसाचा जवळजवळ पाव किलोचा तुकडा त्याला लटकून उचलला गेला. गंमत अशी की दातेरी काटा बाहेर यायला कठीण असला तरी आत मात्र गुळगुळीत काट्यापेक्षा सोपा जातो. दात्यांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि उती तिथे लवकर फाटते. हे बारीक काटे बोटात गेले तर आधी चिमट्याने जमतील तेवढे काढावेत, मग पांढऱ्या गोंदाचा थर आणि त्यावर जाळीचं कापड लावून वाळल्यावर सोलून काढावं. चोळू मात्र नये.

सह्याद्रीच्या पावसाळी जंगलातली खाजोटी, हिला काही भागांत आग्याही म्हणतात, ही यापुढची पायरी. तिच्या पानावरचा प्रत्येक आग करणारा केस म्हणजे एक लांबट पेशी. वरचा भाग सिलिकाचा, म्हणजे जवळपास काचेचा. टोकाला बारीकशी गाठ असते, ती स्पर्शाने तिरकी तुटते आणि उरते ती पोकळ सुई. इथे मोडणं हा दोष नाही, तेच काम आहे. फक्त कुठे मोडायचं ते आधीच ठरलेलं. बुडाची फुगीर पिशवी दाबली जाऊन आतला रस कातडीत जातो. खाजोटीच्या कुळात हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन सापडतात, म्हणजे आपले मज्जातंतू आणि पेशी ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेतली रसायनं. ऑस्ट्रेलियातल्या गिम्पी-गिम्पी या त्याच कुळातल्या झाडाने त्यात भर घातली. २०२० साली क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांना त्यात गाठी मारलेली छोटी प्रथिनं सापडली, कोळ्यांच्या आणि शंखातल्या विषारी गोगलगायींच्या विषासारख्या घडणीची. त्या झाडाचा चटका आठवडेच काय, महिनेही जात नाही. आणि बॉन विद्यापीठाने २०१६ साली दाखवलं की अमेरिका खंडातल्या वनस्पतींच्या एका कुळाच्या केसांची टोकं कॅल्शियम फॉस्फेटने कडक केलेली असतात. तो आपल्या दातांचा पदार्थ.

खाजकुयलीच्या शेंगेवरची लव यापेक्षा वेगळी खाजवते. तिच्या केसांत हिस्टामिनवर भिस्त नाही. तिथे प्रथिनं कापणारं एक विकर असतं. २००८ साली कळलं की ते आपल्या मज्जातंतूंवरच्या ठरावीक ग्राहकांना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, कापून जागं करतं. म्हणून अंगावर पित्त उठल्यावर घेतो त्या हिस्टामिनविरोधी गोळीने ही खाज फारशी हटत नाही.

शेवटी स्वयंपाकघरातलं अळू. त्याच्यावर एकही काटा दिसत नाही, कारण काटे आत आहेत. पानांच्या आणि कंदांच्या काही खास पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या भरलेल्या असतात. पान चिरलं किंवा चावलं की त्या सुट्या होऊन घशात आणि हातांना टोचतात. सुरण खवखवतं तेही यानेच. पण नुसत्या सुयांनी एवढी खाज येत नाही. जपानमध्ये कोतारो कोन्नो यांच्या गटाने किवी फळातल्या अशाच सुया आणि त्यातलंच प्रथिनं कापणारं विकर वेगवेगळं करून अळ्यांना खाऊ घातलं. सुया एकट्या दिल्या तर अळ्या बऱ्यापैकी जगल्या. विकर एकटं दिलं तरी तेच. दोन्ही एकत्र दिल्यावर त्या मेल्या. सुयांनी भोकं पाडली आणि विकर त्यांतून आत गेलं. अळूच्या सुयांवरही असंच विकर चिकटलेलं असतं. उकळत्या पाण्यात सुया विरघळत नाहीत, पण विकर उष्णतेने निकामी होतं. अळू चिरताना हाताला तेल लावतात, आणि विकर निकामी व्हावं म्हणून फदफदं नीट शिजेपर्यंत आचेवर ठेवतात. शिजलेल्या अळूत सुया तशाच असतात, आपण त्या गिळतो आणि आपल्याला कळतही नाही.